पिसांचे कलम

रामायणात दोन पक्षिबंधूंची कथा आहे. धाकट्याचे नाव जटायू, थोरल्याचे संपाती. सीतेस सोडविण्यासाठी जटायू रावणाशी झुंजला, रावणाने खड्गाने त्याचे पंख छेदिले आणि तो पुन्हा उठला नाही. ही कथा लहानथोर सर्वांस ठाऊक असते. संपातीची कथा मात्र वर्गात विचारली तर दोनचारच हात वर होतात. तारुण्याच्या भरात दोघे बंधू सूर्याच्या दिशेने उडत निघाले असता, धाकट्यास ताप लागू नये म्हणून संपातीने त्याच्यावर आपले पंख पसरिले आणि त्यात त्याचे स्वतःचे पंख जळून गेले. पुढे कित्येक वर्षे तो विंध्य पर्वताच्या परिसरात उड्डाणाविना पडून होता. सीतेचा ठावठिकाणा त्याने वानरांस सांगितला तेव्हा त्याला नवे पंख फुटले, असे वाल्मीकींनी किष्किंधाकांडात वर्णिले आहे.

ही कथा सांगितली की एक प्रश्न हटकून येतो: एकाला पुन्हा पंख फुटले, मग दुसऱ्याला का नाही? ह्या प्रश्नाचे भक्तिमार्गी उत्तर कीर्तनकारांनी द्यावे. पक्षिशास्त्राच्या बाजूने पाहू गेल्यास उत्तर असे की, जटायूचे हाडमांस तुटले होते आणि संपातीची पिसे गेली होती. पंख आणि पीस ह्या दोन वस्तू आपण बोलताना एकच धरतो. पण पंख हा पक्ष्याचा हात आहे, आणि पीस हे त्या हातावर उगवलेले, आपल्या नखाच्या जातीचे द्रव्य आहे. तुटलेला हात परत येत नाही. गेलेले पीस परत येते. मात्र ते आपल्या सवडीने येते, आणि तोवर पक्ष्याचे काय करावयाचे हा खरा प्रश्न उरतो. त्या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आहे. ते सांगावे, असे आम्हांस गेल्या उत्तरायणापासून वाटत आहे.

बडोद्यासारख्या गावी उत्तरायण म्हणजे काय हे वाचकांस सांगावयास नको. जानेवारीच्या १४ व १५ तारखांस गच्च्या माणसांनी फुलतात आणि आकाश पतंगांनी. पण ज्या उंचीवर आपले पतंग खेळतात त्याच उंचीवर घारी घिरट्या घालतात. काचेची कूट लावलेला मांजा घारीला दिसत नाही. तो पंखाच्या पुढच्या कडेच्या पातळ कातड्यात शिरतो, कधी स्नायू, कधी शीर, कधी हाडापर्यंत पोहोचतो. पक्षी सुटण्यासाठी जितका धडपडतो तितका दोरा खोल जातो. ह्या जखमांची वार्ता वर्तमानपत्रांत येते आणि येते हे बरेच आहे. जिची वार्ता येत नाही ती ही की, जखम भरून आलेली घारसुद्धा पुष्कळदा उडू शकत नाही, कारण तिची पिसे मोडलेली असतात. आणि ती बहुधा मांज्याने मोडलेली नसतात. ती आपण मोडलेली असतात.

हे नीट समजण्यासाठी पीस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मैदानात पडलेले कावळ्याचे पीस उचलून हातात घ्या. मधोमध एक दांडी असते. तिच्या दोन्ही अंगांना पाते असते. हे पाते अखंड कापडासारखे दिसले तरी ते शेकडो तंतूंचे बनलेले असते. प्रत्येक तंतूस आणखी सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या टोकांचे बारीक आकडे शेजारच्या तंतूत अडकलेले असतात. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना पाहून आपल्या १६६५ सालच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. पाते बोटाने उलटे चोळा, ते फाटल्यासारखे होईल. मग मुळाकडून टोकाकडे दोन बोटांत धरून ओढा, फाट नाहीशी होईल. पक्षी दिवसभर चोचीने पिसे साफ करीत बसतो तो हेच काम करीत असतो.

दांडीच्या खालच्या टोकास पोकळ, पाते नसलेली नळी असते. तीच कातडीतील खाचेत रुतलेली असते. शास्त्रात तिला ‘कॅलॅमस’ म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ बोरू किंवा वेत. तोच ग्रीक शब्द अरबीत ‘कलम’ झाला, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत लेखणीही झाला व झाडाचे कलमही झाला. भाषेच्या शिक्षकास असल्या गोष्टींचा मोह आवरत नाही, त्याबद्दल विज्ञानाच्या अध्यापकांनी क्षमा करावी. पण ह्या लेखापुरते तरी हे नाते निरुपयोगी नाही, हे पुढे दिसेल.

पिसांचा हा संभार पक्ष्याच्या शरीरात केवढा मोठा वाटा उचलतो ह्याची आपणांस कल्पना नसते. अमेरिकेतील एका पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची पिसे एका शास्त्रज्ञाने मोजली आणि १९५५ साली ती गणती प्रसिद्ध केली. पिसे भरली सात हजारांहून अधिक, आणि त्यांचे वजन भरले सुमारे ६७७ ग्रॅम. त्याच गरुडाच्या हाडांचा संपूर्ण सांगाडा अवघा २७२ ग्रॅमच्या आसपास होता! पण ह्या हजारोंपैकी उड्डाणाचा भार मोजक्याच पिसांवर असतो. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांना प्रत्येक पंखाच्या टोकाकडे, म्हणजे हाताच्या पंजाच्या जागी, कामाची दहा लांब पिसे असतात. त्यांनी पक्षी पुढे रेटला जातो. त्यांच्या आत, कोपरापासून मनगटापर्यंत दुसरी रांग असते. ती पक्ष्याला हवेत तोलून धरते. शेपटीत बहुधा बारा पिसे असतात. तीच त्याचे सुकाणू आणि तीच त्याची गती आवरण्याचे साधन. घारीची दुभंगलेली शेपटी वळताना कशी तिरपी होते, हे ज्याने गच्चीवरून निरखले असेल त्याला सुकाणू हा शब्द पटेल.

पीस वाढत असते तोवर जिवंत असते. त्याच्या नळीतून रक्त वाहते आणि ते निळसर, मऊ आवरणात गुंडाळलेले असते. अशा वेळी ते मोडले तर भळभळ रक्त येते. वाढ पुरी झाली की रक्त आटते, नळी पोकळ होते आणि पीस निर्जीव बनते. तेव्हापासून ते झिजते, उन्हाने फिकट होते, मोडते. पण दुरुस्त होत नाही. दुरुस्तीची सोय निसर्गाने वेगळीच ठेविली आहे. ती म्हणजे पीसझड. वर्षातील ठराविक महिन्यांत जुनी पिसे एकेक करून गळतात आणि खालून नवी येतात. शिकारी पक्ष्यांत हे काम फार शिस्तीने चालते. उजव्या पंखाचे एक पीस गळले की डाव्याचे तेच पीस थोड्या दिवसांच्या अंतराने गळते, म्हणजे तोल जात नाही; आणि शेजारची दोन पिसे सहसा एकदम जात नाहीत, म्हणजे नव्या कोवळ्या पिसाला दोन्ही बाजूंनी जुन्या पिसांचा आधार मिळतो. घार, गरुड आतल्या पिसापासून आरंभ करून बाहेर जातात. ससाणे मधल्या एका पिसापासून आरंभ करून दोन्हीकडे जातात. मोठ्या गरुडांना तर सर्व उड्डाणपिसे बदलण्यास एकाहून अधिक वर्षे लागतात.

आता मुख्य अडचण ध्यानात येईल. पीस मुळापासून उपटले गेले तर खाचेतून नवे पीस लवकरच उगवू लागते. पण ते मधेच मोडले तर खाचेत थोटूक शिल्लक राहते, आणि शरीराच्या हिशेबी पीस जागेवरच आहे! मग नवे पीस येते ते पुढच्या पीसझडीत. जानेवारीत पिसे मोडलेल्या घारीस पूर्ण पिसारा मिळण्यास वर्षाचा बराचसा भाग जावा लागतो.

ह्यावर कोणासही सुचणारा उपाय म्हणजे थोटके उपटून टाकणे. तो कुणी करू नये. उड्डाणपिसांची मुळे हाडाला चिकटलेली असतात. उपटताना भयंकर वेदना होतात, खाच फाटते, आणि फाटलेल्या खाचेतून पुढे वाकडे पीस येते किंवा कधीच येत नाही. शिवाय आठदहा पिसे एकदम उपटली तर नवी कोवळी पिसे आधाराविना वाढतात आणि जरा धक्का लागताच मोडतात. ती मोडली की रक्तस्राव, पुन्हा वाट पाहणे, पुन्हा मोडणे. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबविणे कठीण.

गेल्या उत्तरायणानंतर आमच्या शाळेजवळच्या एका घरी अशीच एक घार आली. कडुनिंबाच्या झाडात मांज्याने अडकलेली ती घार त्या घरच्या मुलांनी सोडविली आणि जुन्या पोपटाच्या पिंजऱ्यात ठेविली. घरची मंडळी दयाळू. त्यांनी जखमेवर हळद लाविली, दूधपाव दिला, आल्यागेल्यास पाहू दिले. आठव्या दिवशी नववीतील दोन विद्यार्थ्यांनी ही गोष्ट आमच्या कानी घातली. तेव्हा पंखाची जखम फारशी चिघळलेली नव्हती, पण शेपटीची बारापैकी आठ पिसे आणि उजव्या पंखाच्या टोकाची तीन पिसे तारांवर आपटून मोडली होती. शेपटीच्या जागी झिजलेली केरसुणी असावी तसे दिसत होते. मांज्याने तिचे जेवढे नुकसान केले होते त्याहून अधिक त्या तारेच्या पिंजऱ्याने केले होते. दूधपाव तर तिच्या काहीच कामाचा नव्हता. घार मांसाहारी आहे, दूध कोणत्याच पक्ष्याला पचत नाही.

त्याच दिवशी घार शहरातील एका उपचारकेंद्रात पोहोचविण्यात आली. तेथील पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र घेऊन हाड शाबूत असल्याची खात्री केली, जखम शिवली आणि मोडक्या पिसांकडे पाहून म्हणाले, “ह्यांचे आता काही करावयाचे नाही.” मुलांचे चेहरे उतरले. ते पाहून त्यांनी खुलासा केला: “आता म्हणजे आज. आधी जखम भरू दे, वजन वाढू दे, पंख पुरता उघडू दे. सोडावयाच्या वेळी पिसे लावू. आजच लावली तर ही पिंजऱ्यात तीही मोडून घेईल.”

पिसे लावणे! मुलांना हा विनोद वाटला. पण ही विद्या निदान आठशे वर्षांची आहे. तेराव्या शतकात युरोपात दुसरा फ्रेडरिक नावाचा सम्राट होऊन गेला. त्याने पक्ष्यांकरवी शिकार करण्याच्या कलेवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, आणि ससाण्याच्या मोडक्या पिसास दुसरे पीस जोडण्याची युक्ती त्या काळच्या शिकाऱ्यांना ठाऊक होती. शिकवून तयार केलेला ससाणा हे मोठे धन. त्याचे एक पीस मोडले तर वर्ष फुकट जाणार. म्हणून ते तीन धारांची लोखंडी सुई घेत, ती शिर्क्यात किंवा मिठाच्या पाण्यात भिजवीत, तिचे एक टोक थोटकाच्या नळीत आणि दुसरे नव्या पिसाच्या दांडीत बसवीत. सुई आत गंजे आणि गंजामुळे घट्ट पकड घेई. गंजाचा असा सदुपयोग आमच्या तरी ऐकिवात दुसरा नाही. इंग्रजीत ह्या क्रियेला जे क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ झाडाला कलम बांधणे असाच आहे, आणि शेक्सपिअरने ‘दुसरा रिचर्ड’ ह्या नाटकात डबघाईस आलेल्या राज्याविषयी बोलताना ते शिकाऱ्यांचे क्रियापद रूपक म्हणून वापरले आहे. आपल्या देशातही पक्ष्यांकरवी शिकार करण्याची कला जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त श्येनविनोदाचे प्रकरण आहे, आणि कुमाऊंचा राजा रुद्रदेव ह्याचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ तर सर्वस्वी शिकारी पक्ष्यांवरच आहे. त्यात त्यांची जोपासना व औषधोपचार सांगितले आहेत. हरप्रसाद शास्त्री ह्यांनी तो १९१० साली कलकत्त्यास इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. आज पक्षी पकडून शिकारीसाठी पाळणे आपल्याकडे कायद्याने बंद आहे, ते योग्यच आहे. पण पक्षी पाळताना माणसाने जे शिकले ते पक्षी सोडताना उपयोगी पडत आहे.

आम्ही जन्माने गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तेथे आंब्याच्या कलमांची विद्या वाढीस लागली आणि मानकुराद, फेर्नांद अशा जाती घरोघरी झाल्या. त्यामुळे कलम म्हटले की रायवळ रोपाला बांधलेली फांदी आमच्या डोळ्यांपुढे येते. तेथे दोन जिवंत साली एकमेकींस मिळतात, रस एकीतून दुसरीत जातो आणि कलम झाडाचे होऊन जाते. पिसाच्या कलमात असे काही घडत नाही. निर्जीव थोटकाला निर्जीव पीस जोडलेले असते. ते पक्ष्याचे कधीच होत नाही. पक्ष्याला स्वतःचे येईपर्यंतची ती उसनवारी असते. पण ती उसनवारीच पुष्कळ आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस पशुवैद्यांनी बोलाविल्यावरून आम्ही त्या दोघा विद्यार्थ्यांसह केंद्रात गेलो. घारीला भूल देऊन टेबलावर पालथी ठेविली होती. शेजारी एका पाकिटांच्या पेटीतून पिसे काढून मांडलेली होती. उपचारांती न वाचलेल्या एका घारीची ती पिसे. पक्षी कशाने गेला, त्याला संसर्गजन्य रोग नव्हता ना, हे पाहूनच पिसे ठेवितात, आणि उवा व किडी मराव्यात म्हणून गोठवून मग कोरडी करितात. प्रत्येक पाकिटावर पक्ष्याची जात, वय, डावा की उजवा पंख आणि पिसाचा क्रमांक लिहिलेला होता. हा क्रमांक फार महत्त्वाचा. उजव्या पंखाचे नववे पीस उजव्या पंखाच्या नवव्या जागीच चालते. दहाव्या जागी त्याची लांबी, वाक आणि पात्याची रुंदी जमत नाही. डाव्याचे उजव्याला तर मुळीच चालत नाही.

मोडलेले पीस जेथे दांडी अजून पुरेशी जाड व पोकळ आहे तेथे धारदार कात्रीने सरळ छाटले. एका मुलाने न राहवून विचारले, “डॉक्टर, तिला दुखत नाही का?” ते म्हणाले, “नखे कापताना तुला दुखते का? भूल दिली आहे ती तिने घाबरून हलू नये म्हणून.” मग दुसऱ्या पंखाचे तेच पीस मोजून नवे पीस नेमके तेवढे भरेल असे कापले. बांबूची काडी तासून, किंचित चौकोनी ठेवून, तिचे अर्धे अंग नव्या पिसाच्या नळीत चिकटविले. काडी गोल असती तर पीस हवेच्या दाबाने फिरले असते. आता बांबूऐवजी कार्बन तंतूंच्या काड्याही वापरतात, मात्र काडी हलकी आणि दांडीसारखीच थोडी लवणारी असावी लागते. फार ताठ काडीने थोटूकच फुटते. सर्व पिसे आधी डिंकाविना बसवून पाहिली. एक पीस केसभर तिरपे दिसत होते, ते काढून पुन्हा तासले. मगच काडीच्या दुसऱ्या अंगास दोन द्रव्ये मिसळून होणारा घट्ट डिंक लावून एकेक पीस थोटकात सरकविले. सांध्याखाली कागदाचा तुकडा ठेवीत होते, नाहीतर डिंकाचा थेंब ओघळून शेजारची दोन पिसे एकमेकांस चिकटावयाची. अकरा पिसांस दीड तासाच्या वर वेळ लागला. काम संपल्यावर आम्ही सांधे शोधू लागलो तर तीनचारच सापडले.

वाढते, रक्ताचे पीस असेल तर त्याला हे कलम लावीत नाहीत. त्याला फक्त सांभाळतात. एखाददुसरेच पीस मोडले असेल तरीही बहुधा काही करीत नाहीत. किती मोडले म्हणजे फार, ह्याला सर्व पक्ष्यांस लागू पडेल असे उत्तर नाही. घार उकिरड्यावरचे, मेलेले, टाकलेले खाऊन राहते. दोनचार पिसे कमी असली तरी ती पोट भरील. बहिरी ससाणा आकाशातून सूर मारून उडत्या पक्ष्याला गाठतो. त्याच्या पंखाच्या टोकाची दोन पिसे उणी असली तर तो उपाशी मरेल. शिक्रा झाडांच्या दाटीतून वळणे घेत शिकार करतो, म्हणून त्याची शेपटी अभंग पाहिजे. आणि घुबडाचे प्रकरण निराळेच. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि पृष्ठभागावर मखमलीसारखी लव असते. त्यांमुळे गव्हाणी घुबड उंदराच्या कानी पडणार नाही असे उडते. अंधारात ते कानांनीच शिकार शोधते, म्हणजे पंखांचा आवाज झाला तर उंदीर सावध होईलच आणि घुबडाला स्वतःलाही नीट ऐकू येणार नाही. म्हणून घुबडाला घुबडाचेच, तेही त्याच जातीचे पीस पाहिजे.

पण कलमाची कला कितीही नामी असली तरी तिची पाळी न आणणे हेच मोठे काम आहे, असे त्या केंद्रात सर्वत्र दिसत होते. मोठ्या पिंजऱ्यांस तारेची जाळी नव्हती, उभ्या लाकडी पट्ट्या होत्या. त्यांवर पक्षी आपटला तरी पीस जाळीत अडकून मोडत नाही. बसण्याचे दांडे इतके उंच की शेपटी जमिनीला लागू नये. नव्या आलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या शेपटीवर जुन्या क्ष-किरण चित्राच्या फिल्मचे पाकीट चिकटविलेले होते. अन्नातही नुसते बिनहाडाचे मांस नव्हते, कारण हाडांतील चुना न मिळाल्यास पिलांची हाडे वाकतात. पीस वाढत असताना पक्षी उपाशी राहिला किंवा फार भ्याला तर त्या त्या दिवशी वाढलेल्या भागावर आडवी फिकट रेघ उमटते, आणि पुढे पीस नेमके त्या रेघेवर मोडते. इंग्रज शिकारी तिला भुकेची खूण म्हणत. महिन्यांपूर्वीच्या उपासाची तारीख पिसावर लिहिलेली राहते. कॅलॅमसला कलम म्हणावे ते उगीच नव्हे.

तेव्हा जखमी घार सापडली तर काय करावे? अंगावर जाड कापड टाकून, डोके झाकून, पायांच्या नख्या सांभाळून तिला उचलावे. घारीची चोच भीतिदायक दिसते, पण इजा करितात त्या नख्या. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली जुने कापड घालून ठेवावे. अंधारात पक्षी शांत राहतो आणि पुठ्ठ्यावर पिसे मोडत नाहीत. मांजा अंगात रुतला असेल तर ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा आणि रुतलेला भाग वैद्यांवर सोडावा. खाणे, दूध, हळद, काही नको. चोच उघडून पाणी तर नकोच, ते श्वासनलिकेत जाते. आणि त्याच दिवशी कळवावे. गुजरातेत १९६२ हा क्रमांक पशुपक्ष्यांच्या रुग्णवाहिकेचा आहे; शिवाय २०१७ पासून जानेवारीत शासनाचे ‘करुणा अभियान’ चालते. घार हा वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिला घरी पाळता येत नाही. इतकेच नव्हे तर पिसेही संग्रहास ठेविता येत नाहीत. मैदानातले पीस पाहा, त्याची रचना समजून घ्या आणि तेथेच ठेवा.

हे काम करणारी माणसे फार थोडी आहेत. दिल्लीत नदीम शहजाद व मोहंमद सऊद ह्या बंधूंनी कित्येक वर्षे घारींची शुश्रूषा चालविली आहे. त्यांच्यावरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा चित्रपट २०२२ साली जगभर नावाजला गेला. अशा माणसांच्या दारी दरवर्षी जखमी पक्ष्यांची खोकी येऊन पडतात, ती कमी करणे आपल्या हाती आहे. पतंग उडवू नका असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या व कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो दुकानांत लपूनछपून मिळतो आणि आपल्यापैकीच कोणी तो विकत घेतो. साधा सुती दोरा घ्यावा. पहाटे आणि सायंकाळी पक्षी घरट्यांकडे जातायेता पतंग उडवू नयेत. आणि १६ तारखेस शाळेत येताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतील झाडांवर व तारांखाली लोंबणारा दोरा गोळा करून आणावा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नये. सण संपला तरी तो दोरा महिनोन्‌महिने फास होऊन लोंबत राहतो. आमची घार कडुनिंबात सापडली ती सणानंतर चौथ्या दिवशी.

तिला कलमानंतर तीन दिवस लांब उड्डाणपिंजऱ्यात पाहून, मार्चच्या आरंभी एका सकाळी शाळेमागच्या माळावर सोडण्यात आले. ती आधी कुंपणावर बसली, चोचीने शेपटी नीट केली, उसनी पिसे आपलीच असल्यासारखी, आणि मग इतर घारींत जाऊन मिसळली. त्यानंतर ती कोणती हे ओळखणे शक्य नव्हते. पुढच्या पीसझडीत तिची थोटके खाचेतून सुटतील आणि त्यांच्यासंगे जोडलेली पिसेही पडतील. शाळेच्या आवारात घारीचे लांब पीस कोणाला सापडलेच, तर त्याची दांडी उजेडाकडे धरून पाहा. नळीत बांबूची काडी दिसली तर आम्हांस येऊन सांगा.